वाकडा पक्षी

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,

अ. उ. आ. या खेपेस आशीर्वाद अर्ध्याच मनाने पाठवते आहे.

लेकीच्या लग्नाची पत्रिका मिळाली. इतकी गुळगुळीत, की माशी बसली तर घसरून पडेल. आत तू मॅनेजर असलेल्या हॉटेलच्या हॉलचा फोटो, आणि हॉलभर पसरलेली भिंत कुठली, तर आपल्या मागच्या खोलीची! मागच्या भेटीत मोबाइल घेऊन तिथे लोळत होतास ते यासाठी? खाली छापलंय, ‘लोककलेतील आनंदी भरारी’. हे कुणाचं डोकं?

अरे शहाण्या, आपल्या गावात लग्नाची भिंत वेगळी आणि मरणाची वेगळी. लग्नाच्या भिंतीवर पक्षी चोचीला चोच लावून बसतात आणि झाडाला मुळं असतात. ही भिंत आपली मधली बहीण गेली तेव्हा आईने रंगवली. म्हणून झाड बिनमुळांचं, म्हणून पक्ष्यांची तोंडं दाराकडे, बाहेर. वर्ष सरलं की अशा भिंतीवर चुना फिरवतात. आईने फिरवू दिला नाही, तो विषय वेगळा. आणि त्या भिंतीपुढे तू माझ्या भाचीला नवरी म्हणून उभी करणार? ते चित्र उतरव, नाहीतर मी त्या हॉलची पायरीसुद्धा चढणार नाही.

लोभ आहेच, पण आज तो शोधावा लागेल.

तुझी,
अक्का

ता. ९ फेब्रुवारी

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी घाम फुटला, मग डोकं तापलं. मधली गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. मला मामाकडे धाडलंत. परत आलो तर कुणी तिचं नावही काढेना, आणि भिंतीवर पक्षीच पक्षी. मला वाटलं, माझ्यासाठीच काढलेत! ताप आला की त्यांच्याकडे बघत पडायचो. आपल्या घरातली सर्वांत आनंदी गोष्ट तीच, असं मी आजवर समजत होतो. भिंतींची भाषा तुम्ही बायकांनी आपसात ठेवलीत, मी विचारलं की ‘जा, बाहेर खेळ’. आणि आता अडाणी कोण, तर मी!

फोटो आमच्या मालकांना आवडला, डिझायनरबाईंनी कागदावर मोठा छापून चिकटवला. खाली कोपऱ्यातला कोळशाचा वाकडा पक्षी तेवढा त्यांनी चूक म्हणून कंप्युटरवर पुसून टाकला, म्हणजे तुझी ती तरी तक्रार नको. कागद उतरवा म्हटलं तर माझी नोकरी राहील का? इकडे लेक म्हणते, आत्या नाही तर मीही हॉलमध्ये पाय ठेवणार नाही. घरात दोन अक्का झाल्यात.

रागाने का होईना, पण लिहीत राहावे.

तुझा,
धाकटोबा

ता. १४ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,

अ. उ. आ., या वेळी पूर्ण. तुझं निम्मं बरोबर आहे. हे वाक्य जपून ठेव, मी पुन्हा म्हणणार नाही.

पण त्या बाईने पुसलं काय, कळलं का तुला? तो वाकडा पक्षी तुझा! मामाकडून आलास त्याच दिवशी चुलीतला कोळसा घेऊन काढलास. आईच्या भिंतीवर रेघोट्या मारतो म्हणून मी तुला बदडायला धावले, तर आईने माझाच हात धरला. साऱ्या पक्ष्यांची तोंडं दाराकडे, तुझ्या एकट्याचं घराकडे. वर्ष सरल्यावर काकू चुन्याची बादली घेऊन आली, तेव्हा आई भिंतीला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, यातला एक परत आलाय, त्याच्यावर चुना नाही फिरवायचा.

अख्ख्या भिंतीत घरी आलेला तेवढा एक, आणि तुमच्या हुशार बाईंनी नेमका तोच उडवला! सांग तुझ्या मालकांना. नाहीतर मी येऊन सांगते. मग नोकरी जाईलच, फक्त जरा आवाज करून जाईल.

प्रकृतीस जप, भांडायला ती लागेल.

अक्का

ता. २० फेब्रुवारी

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि.

मालकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पाहुण्यांना कुठे काय कळतंय! बाई म्हणाल्या, चित्र राहू द्या, नुसता मजकूर बदलू. तेवढ्यात माझ्या तोंडून तुझाच आवाज निघाला: मला कळतंय, आणि लग्न माझ्या लेकीचं आहे. कोट काढला, शिडी लावली आणि कोपऱ्यापासून कागद ओढायला लागलो. वेटर आधी नुसते बघत होते, मग दोघांनी दुसरं टोक धरलं. मालक म्हणाले, लग्न आटोपू दे, मग बोलू. त्या आवाजात माया नव्हती. असो.

भिंत आता कोरी आहे. गेरू, चुना, कुंचले घेऊन लगेच निघ. झाड तू काढ, चांगली लांब मुळं काढ. पण पहिला पक्षी खाली कोपऱ्यात मी काढणार, कोळशाने. कालपासून जुन्या वर्तमानपत्रांवर सराव करतोय. पंचाईत अशी, की तो सारखा सरळच येतोय. बदडायला तू मागे उभी राहिलीस, की जमेल.

वाट पाहणारा,
धाकटोबा