न तपासता दिलेली चिठ्ठी

सर, उद्या सकाळच्या होडीने एक मुलगी येणार आहे. नुकतीच डॉक्टर झालेली, लातूरकडची. वर्षभर माझ्याजवळ राहून काम शिकायचं म्हणते. काल फोनवर तिने विचारलं, "मॅडम, येण्याआधी काय वाचून ठेवू?" तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. तुम्ही मला काय वाचायला सांगितलं होतं ते आठवून पाहिलं, तर काहीच सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलं होतं, "भाकरी येते का करता?" मी नाही म्हणाले, तर तुम्ही चुलीपुढून सरकून मला जागा करून दिली होती. कालच्या त्या फोनपासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून दुपारी दवाखाना बंद करून लिहायला बसले आहे.

मी आले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. परळीत वाढलेली, आमच्याकडे वाळत घातलेल्या कपड्यांवर थर्मलच्या वीजकेंद्राची राख बसायची, त्यामुळे इथलं पाणी आणि स्वच्छ हवा बघून पहिले आठ दिवस मला सहलीला आल्यासारखंच वाटलं. मग पाऊस लागला. धरणाचं पाणी आलं तेव्हा गावाचा हा उंचवटा तेवढा राहिला, तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला काळ्या मातीची वाट, जी आषाढात गुडघाभर चिखल होते, हे मला कुणीतरी सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि चिखलात उभं राहून कळलेलं वेगळं असतं. बाहेरचे लोक आपल्या गावाला बेट म्हणतात, गावातले नुसतं गावच म्हणतात. तुम्ही मला तलवाड्याच्या बाजारातून गमबूट आणून दिलेत. पुरुषांचे, माझ्या पायाला दोन बोटं मोठे. "पुढं कापूस भर," म्हणालात. दवाखान्यातला कापूस बुटात घालायचा याचं मला फार हसू आलं होतं. ते बूट मी फाटेपर्यंत वापरले.

पहिला महिनाभर तुम्ही मला स्टेथोस्कोपची नळी गळ्यात घालू दिली नाहीत. माझ्यापुढे एक वही ठेवलीत आणि सांगितलंत की पेशंट बोलतो ते त्याच्याच शब्दांत लिही. कुणी म्हणायचं, "काळजात कालवतंय." कुणी म्हणायचं, "डोस्क्यात मुंग्या चालत्यात." मी ते लिहायची आणि मनात चडफडायची. साडेपाच वर्षं शिकून मी कारकुनी करत होते. दुपारी तुम्ही मला घरोघर न्यायचात. एक म्हातारी महिनोन्महिने खोकत होती, तुम्ही तिला औषध देण्याआधी मला तिच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवलंत. चूल पेटलेली, छपराला धूर जायला जागा नाही. पाच मिनिटांत माझ्याच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "आता लिही," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाला छपराची दोन कौलं काढायला लावलीत, मग औषध दिलंत. घरचा डॉक्टर म्हणजे काय, हे मला त्या धुरात थोडंसं कळलं असावं. पण थोडंसंच. माझ्या बॅगेत पुढच्या परीक्षेची जाडजूड पुस्तकं होती आणि एक वर्ष काढलं की मी मोठ्या शहरात जाणार होते.

मग दसऱ्याच्या आधीचे ते दिवस आले. तुम्ही डोळ्यांच्या कामासाठी दोन दिवस बीडला गेला होता. गावातली अर्धी घरं ऊसतोडीला निघायची तयारी करत होती. पहिल्यांदाच दवाखाना एकटीच्या हातात होता आणि दारात रांग होती. त्या रांगेतून ती आत आली. अठ्ठावीस वर्षांची असेल, दोन लेकरं झालेली, अंगाने काटक. खुर्चीवर बसली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "बाई, पिशवी काढायची चिठ्ठी द्या. परवा गाड्या भरायच्यात, टाकं फडातच सुकतील."

मी विचारलं काय होतंय. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, ओटीपोटात कळ येते. उसाच्या फडात सहा महिने अंघोळीला पाणी नाही, आडोसा नाही, आजारी पडून एक दिवस बसलं की खाडा धरून पैसे कापतात. तिच्या टोळीतल्या चार जणींनी गर्भाची पिशवी काढली होती. मुकादमाने सांगितलं होतं, काढून टाक, कटकट मिटेल. हे सगळं मी तिच्या शब्दांत वहीत लिहिलं, तुम्ही शिकवल्याप्रमाणे. आणि खाली तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली. बाहेर अजून बारा-पंधरा माणसं होती. तिला हवं ते मी दिलं, ती समाधानाने गेली, मलाही आपण काम उरकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास तुम्ही परत आलात. चहा न घेता वही उघडलीत. मला अजून दिसतं, तुमचं बोट ओळींवरून खाली सरकतंय आणि एका ठिकाणी थांबतंय.

"हिला तपासलं?"

"नाही."

"हिला काय झालंय?"

"पांढरं जातं, कंबर..."

"ते तिनं सांगितलं. तुला काय दिसलं?"

तुम्ही आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. वही मिटून तुम्ही म्हणालात, "तीस वर्षं झाली मला या गावात. अर्ध्या गावानं मला कधी पोट दाखवलं नाही, अन् त्यांचं काही चुकलं नाही. कुणी बाई डॉक्टर यावी म्हणून मी किती ठिकाणी पायऱ्या झिजवल्या. तू आलीस. अन् तू पडदासुद्धा ओढला नाहीस."

मग म्हणालात, "चप्पल घाल."

काठावर कळलं, ती सकाळच्याच होडीने गेली होती. आपण पुढच्या होडीत बसलो, पलीकडे जीप मिळाली, तालुक्याला पोचायला दुपारचे दोन वाजले. वाटेत तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. त्या दवाखान्याच्या दाराशी थांबून तुम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलात. मला वाटलं होतं तुम्ही आत जाल, डॉक्टरांशी बोलाल, मी मागे उभी राहीन. तुम्ही म्हणालात, "चिठ्ठी तू दिलीस. तूच बोल."

ती आत भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. हातातल्या बांगड्या काढून पदरात बांधलेल्या, सकाळपासून पोटात पाणी नाही. शेजारी नवरा कपड्यांचं बोचकं घेऊन उभा. तिच्या आधी एकीचं ऑपरेशन चाललं होतं, नंतर हिचाच नंबर. मी तिच्याजवळ खाली बसले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरले.

"ताई, चिठ्ठी द्यायच्या आधी मी तुम्हाला तपासायला पाहिजे होतं. तपासलं नाही. माझी चूक झाली."

तिने विचारलं, "म्हंजी माझी पिशवी खराब न्हाई?"

"मला माहीतच नाही. तेच सांगतेय. न बघता लिहून दिलं मी."

नवरा म्हणाला, "मग आता काहून आलात? उद्या गाड्या भरायच्यात. मुकादम आमच्यासाठी थांबतो व्हय?"

"औषधाने बरं होण्यासारखं असेल तर काढायची गरज नाही. आज गावी चला, मी नीट तपासते. काढावीच लागली तर मी स्वतः घेऊन येईन."

"अन् फडात गेल्यावर पुन्हा सुरू झालं तर?"

मी म्हणाले, "तर मला फोन करा. तिथल्या जवळच्या सरकारी डॉक्टरांना मी चिठ्ठी लिहून देते, ती जवळ ठेवा. यावेळी तपासून लिहिते."

तो काहीतरी बोलणार होता, पण तिने हाताने त्याला थांबवलं. तिने मला विचारलं, "काढल्यावर कंबर दुखायची थांबती का?"

"सांगता येत नाही. काहींची जास्त दुखते. एवढ्या कमी वयात काढली तर शरीर लवकर थकतं, हाडंही लवकर झिजू शकतात."

"माझ्या जावंची काढली दोन सालांमागं," ती म्हणाली. "आता तिला मोळी उचलत न्हाई." तिने पदरातल्या बांगड्या चाचपल्या. मग भिंतीला धरून उभी राहिली. "मला लई भूक लागलीया. आदी खाऊ द्या, मंग तपासा."

आपण चौघांनी स्टँडसमोर भजी खाल्ली. तिने एकेक करून बांगड्या परत हातात चढवल्या. नवरा रुसलेला होता, त्याने नुसता चहा घेतला. दिवेलागणीला आपण गावात होतो. मी पडदा ओढला, हात धुतले आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात सावकाश तपासणी केली. तिला साधं इन्फेक्शन होतं, अंगात रक्त कमी होतं. नवरा-बायको दोघांनीही गोळ्या घेतल्या तर बरं होणारं. दोघांनीही, हा त्यातला अवघड भाग. पडद्याबाहेर नवरा म्हणत होता, "मला काई झालं न्हाई, मी काहून गोळ्या खाऊ?" तुम्ही त्याला ओसरीच्या टोकाला घेऊन गेलात. काय सांगितलंत ते मला ऐकू आलं नाही, पण तो परत आला आणि माझ्यासमोर तांब्याभर पाण्याबरोबर गोळी गिळून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशीची गाडी त्यांनी सोडली आणि आठवड्याने ती दोघं दुसऱ्या टोळीबरोबर गेली. जाताना तिच्याकडे गोळ्या होत्या, माझी नवी चिठ्ठी होती आणि दवाखान्याचा नंबर होता. तो नंबर तिने त्या सहा महिन्यांत एकदाच फिरवला, तोही लेकराच्या तापासाठी. पाडव्याच्या सुमाराला ती परत आली, टेबलावर गुळाची ढेप ठेवली आणि म्हणाली, "पिशवी हाय अजून." तुम्ही तेव्हा चष्मा पुसत बसला होता. बराच वेळ पुसत होता.

त्यानंतर तुम्ही रांग माझ्यावर सोपवून ओसरीवर जाऊन बसायला लागलात. बायका यायला लागल्या. आधी एकेक, मग घोळक्याने. वर्ष संपलं तेव्हा मी जायचं बोलले नाही, तुम्हीही विचारलं नाहीत. आणि त्याच्या पुढच्या चैत्रात, सकाळचे पेशंट संपल्यावर तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत. "जरा बघ," म्हणालात. मी घाबरून नळी कशीबशी टेकवली, तर तुम्ही म्हणालात, "घाई करू नको." तुम्हाला बीडपर्यंत नेलं, दोन दिवस तुम्ही होता. त्या दोन दिवसांबद्दल मला लिहायचं नाही. एवढंच, की मी घाई केली नाही.

आता इथलं सांगते. चौथ्या बाजूच्या वाटेवर खडी पडली आहे, ॲम्ब्युलन्स उन्हाळ्यात दारापर्यंत येते, पावसाळ्यात अजून होडीच. कामाला एक नर्स मिळाली आहे. आणि ती, गुळाची ढेप आणणारी, गेली सहा-सात वर्षं तोडीला जात नाही, पण दसऱ्याच्या आधी टोळीतल्या सगळ्या बायकांना गोळा करून माझ्या दारात आणून बसवते. स्वतः उंबऱ्यात ठाण मांडते. कुणी उभ्या उभ्या चिठ्ठी मागितली की मला बोलूच देत नाही. "आदी तपासून घ्यायचं," म्हणते, "मंग काय ती चिठ्ठी." यंदा दोन दिवस रांग होती. आपल्या गावातून यंदा एकही बाई पिशवी काढायला गेली नाही. कुणाला काढायची गरज पडली तर ती पडेल, मी घेऊन जाईन, पण यंदा पडली नाही. तुम्ही असता तर चष्मा पुसला असता.

त्या रांगेला ती दरवर्षी एक गोष्ट सांगते. "ह्या बाई माज्या मागं पार तालुक्यापर्यंत पळत आल्या. डॉक्टरसाहेब नुस्ते बाकड्यावर बसलते." बायका माझ्याकडे बघतात. मी हातातलं काम करत राहते. ही गोष्ट फिरत फिरत एका शिबिरात उद्या येणाऱ्या मुलीच्याही कानावर गेली, आणि ती म्हणते, म्हणूनच तिला माझ्याकडे शिकायचं आहे. फोनवर तिने विचारलं, "मॅडम, ते खरं आहे का?" मी "हो" म्हणाले. चूक माझी होती हे मी त्या बाईला तेव्हाच सांगितलं होतं, त्यामुळे खोटं बोलले असंही नाही, पण खरंही नाही.

हा कागद कुठे धाडायचा नाही, मुलगी यायच्या आत चुलीत जाईल. म्हणून इथे लिहिते. त्या दिवशी होडी पाण्याच्या मध्यावर असताना मी तुम्हाला म्हणाले होते, "सर, तिनेच मागितली चिठ्ठी. मी नसती दिली तर दुसऱ्याने दिली असती. परत फिरू या." वारा समोरून होता, तुम्ही पलीकडच्या काठाकडे बघत होता, मान वळवली नाहीत. तुम्हाला ते ऐकू गेलं होतं का, हे मी पुढे दीड वर्ष रोज तुमच्या शेजारी बसूनही विचारलं नाही.