अक्काच्या होडीची केबल

गापादो बेट,
२६ मार्च १९९७

चि. मानसू यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

घरी सगळे खुशाल, एक माझा जीव सोडून. काल आम्ही पाणबुड्या बायका पाण्यात उतरलो. जावयाने, तेसिकने, गिअर मोकळा केला, तरी होडीचा पंखा फिरतच राहिला आणि माझ्या पायापासून वीतभर अंतरावरून गेला. म्हणतो, गिअरची केबल अडकली. महिन्याभरात तिसऱ्यांदा? मागच्या पौर्णिमेनंतर, मग अमावास्येनंतर, आता पुन्हा पौर्णिमा उलटल्यावर.

पहाटे तो गिअरच्या दांड्याची पेटी उघडून खुडबुडत असतो, मी दिसले की झाकण लावतो. मला घरी बसवून होडी विकायची, बुसानला जायचं, हेच त्याच्या मनात आहे. त्याने काढून टाकलेली केबल पाठवते. तू जन्मभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केलीस. मुद्दाम बिघडवली का, ते सांग. तोवर किल्ली माझ्या कमरेला. यापुढे होडीवर एक तर तो, नाहीतर मी.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का

थोंगयंग,
१ एप्रिल

ती. स्व. अक्कास सा. न. वि. वि.

जावई म्हणजे दहावा ग्रह, हे तू लग्नाआधीपासून म्हणतेस, म्हणून मीही आधी त्याच्यावरच संशय घेतला. पण केबलची लांबी बरोबर, कुठे पक्कडीची खूण नाही, वळणंही मोठी ठेवलेली. निवडलीही चांगली, आत अस्तर असलेली. अशा केबलला वंगण लागत नाही. उलट तेल आत गेलं की अस्तर फुगतं, तेल चिकट होतं आणि तार अडकते.

चिरून पाहिली तर आत तेलच. माझ्या दुकानात ग्रीसचा वास असतो. हिला तिळाच्या तेलाचा आला. ते घरात कोणाच्या हाती असतं, तूच शोध. नवी पाठवतो, पण लांबी तेसिकलाच मोजू दे.

राग आला तरी लोभ राहू दे.
तुझा मानसू

गापादो बेट,
८ एप्रिल

चि. मानसू यास आशीर्वाद.

तेल माझं. अमावास्या-पौर्णिमेला सागरदेवाला नैवेद्य दाखवला की उरलेलं मी दांड्याच्या बुडाशी ओतते. आपली आई वल्ह्यांना लावायची, मी इंजिनाला लावते.

तेसिकला विचारलं, तुला ठाऊक होतं ना? मान खाली घालून म्हणाला, आई, देवाचं तेल, तुमचा हात कसा धरू? म्हणून पहाटे पुसत होतो, सगळं निघायचं नाही. मी मात्र गावभर त्याला चोर ठरवून आले. फार लाज वाटली.

किल्ली त्याला दिली. त्याने मोजलेली लांबी कळवते: वळणांसकट चार मीटर वीस.

काल अमावास्या होती. नैवेद्य दाखवला आणि उरलेलं तेल त्याच्या भातावर ओतलं. दोन वाट्या जेवला.

आहे तसाच जीव लाव.
तुझी अक्का