भट्टी खोलायची राहिली

११ फेब्रुवारी, मंगळवार
पहाटे भट्टी लावली. उन्हाळ्याचे माठ, सगळे ह्यांच्या हातचे. मी माती मळली नि रचताना एकेक हातात दिला, एवढंच. नऊला ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. आधी म्हणे पित्त. मग घाम. धाकटे दीर प्रभाकर भाऊजींनी गाडी काढली, वर्ध्याला न्यायला. मीही चढत होते, तर आतून हेच ओरडले, "तू कुठं येतं? आग अर्ध्यावर टाकून? भट्टी पाहजो." उतरले.

दुपार. माया पिपरीहून दवाखान्यात पोचली. लेक जवळ आहे, बरं आहे. लाकडं टाकतेय. वरच्या खापरांच्या फटीतून आत काळंच दिसतं अजून.

१३ फेब्रु.
लिहू की नको.

मंगळवारी चारला मायाच्या फोनवरून हे बोलले. आवाज बारीक. "लाल झाले काय आतले माठ?"
झाले नव्हते. आणखी दोन-तीन तास तरी लाकूड लागलं असतं. मी म्हटलं, "झाले."
"मंग तोंड लिंपून टाक. अन् मी आल्याबिगर खोलू नको. मागच्यासारखं करशीन."

भट्टीचं तोंड लिंपलं, हातही धुतले नाहीत. नाचणगावहून ऑटो, पुलगावहून बस. पोचले तर माया दवाखान्याच्या जिन्यात बसलेली. मला पाहून उठली नाही.

१६ फेब्रु.
मागच्यासारखं म्हणजे मायाच्या लग्नाच्या साली. हे पत्रिका वाटायला गेले होते. मी शहाणी, हात लावून पाहिला, वाटलं निवली. वरची खापरं काढली, गार वारा आत गेला नि आतून टण्‌ टण्‌ आवाज. एकेक माठ तडकत होता नि मी ऐकत उभी. हे आल्यावर रागावलेही नाहीत, दोन दिवस बोलले नाहीत फक्त. तेव्हापासून भट्टी कधी खोलायची ते हेच सांगायचे. मागच्या भिंतीला तळहात लावून उभे राहायचे, डोळे मिटून. किती वेळ, कशाचा अंदाज, कधी सांगितलं नाही. विचारलं तर, "तुले नाई समजत ते." आता शिकवा म्हणावं तर

१९ फेब्रु.
सुतक. चाक झाकून ठेवलंय. भट्टीला कुणी हात लावत नाही. माणसं भेटायला येतात, जाताना तिकडे पाहतात. एकजण भाऊजींना विचारत होता, यंदा माठ निघतीन का.

कच्चे निघाले तर पुन्हा भाजता येतात, एवढं मलाही कळतं. माठांची भीती नाही. ह्यांच्याशी शेवटचं बोलले ते खोटं बोलले, ते सगळ्यांसमोर निघेल. त्या दिवशी सकाळी ह्यांचं ऐकून गाडीतून उतरायचं नव्हतं, तर उतरले, आणि चारला ही खोटं बोलायची अक्कल. नुसता जीव तुटतो.

२३ फेब्रु.
तेरवी झाली. पाहुणे गेले. माया राहिली.

२४ फेब्रु., सोमवार
सकाळीच भाऊजी टोपलं घेऊन आले. "वहिनी, थंडगार झाली. तेरा दिवस झाले. खोलू काय?"
म्हटलं, थांबा. आत गेले. माया भांडी लावत होती, तिला सांगून टाकलं. माठ लाल नव्हते झाले गं. मी खोटं बोलले तुझ्या बाबांशी.
तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "बाबाले माहीत होतं, आई."
"काय?"
"तू फोन ठेवला अन् हसले. म्हणे, 'झाले म्हणते. इतक्यात कुठं होते! येऊन राह्यली थे.' मले म्हणे, कूस बदलून दे. मंग दाराकडं तोंड करून पडले."
"मग इतके दिवस काऊन नाही सांगितलं?"
"तुले आणखी लागलं असतं."

खूप रडले. मायाही. किती वेळ दाराकडे पाहत होते, ते तिला विचारलं नाही.

भाऊजी अजून अंगणात आहेत. दोनदा हाक मारली. मी भट्टीच्या मागे जाऊन भिंतीला हात लावून आले. गार आहे. परत येऊन हे लिहितेय. खोला म्हणायचं तोंडाशी येतं नि कानात ह्यांचं, मी आल्याबिगर