बारातल्या अकरा बशा

बेरेनवायलर,
सोमवार, १२ मे १९८६

प्रिय पप्पा,

गुडघा कसा आहे? इथे सगळे मजेत. सासूबाईंचे बटाटे लावून झाले, आणि लग्न ठरल्याप्रमाणे शनिवारीच आहे. तुम्हाला आवडो न आवडो.

तुमचा वीस हजार मार्कांचा चेक पोचला. 'मला यायला जमणार नाही' ही चिठ्ठी त्याला टाचलेली होती, तीही पोचली.

परवा संध्याकाळी अंगणात भांडी फोडायचा कार्यक्रम झाला. पाहुण्यांनी फोडायचं, नवरा-नवरीनं, म्हणजे ओयगेननं आणि मी, झाडायचं, मग म्हणे संसार सुखाचा होतो. इथले लोक त्यासाठी कान तुटलेले कप वर्षानुवर्षं जपून ठेवतात. मला काय ठाऊक! मी पडले तुमची लेक. दुकानातून बारा कोऱ्या बशा घेऊन आले. एका पाहुण्यानं पहिली फोडली आणि अंगण चिडीचूप. ओयगेननं तुकडा उचलून मागची किंमत वाचली आणि उरलेल्या अकरा बशा काखोटीला मारल्या.

"अगं, वेड लागलंय का? यात जेवू की आपण!"

सगळ्यांसमोर! माझं डोकंच फिरलं.

"चहाची एक पुडी दोनदा बुडवणारा माणूस तू! माझ्यासाठी कधी काही उधळशील का रे? पप्पा म्हणतात तेच खरं, एकेका पैशासाठी रडवशील मला!"

तो तडक आत गेला. मला वाटलं, मोडलं लग्न. बाहेर आला तो त्याच्या आजीची कॉफीची किटली घेऊन. त्या घरातली तेवढीच एक वस्तू धड होती, पप्पा.

"ओयगेन, ती नको रे!" सासूबाई किंचाळल्या.

त्यानं ती दाणकन फरशीवर आपटली.

"झालं समाधान?" त्यानं झाडू माझ्यापुढे धरला. "आता घे झाडू. आणि हळू झाड, नवा आहे तो."

सासूबाई आधी रडल्या, मग पोट धरून हसल्या. मी झाडता झाडता दोन्ही केलं. असा माणूस मला दुसरा मिळायचा नाही.

चेक परत पाठवते आहे, रागानं नव्हे. वेगळ्या पाकिटाला वेगळं तिकीट लागतं, म्हणून ओयगेननं तो यातच घालायला लावला. त्या पैशांतून गाडीचं तिकीट काढा म्हणतो, दुसऱ्या वर्गाचं.

मी सुखात आहे, एवढंच कळवायला बसले होते. पण चर्चमध्ये माझा हात धरून न्यायला मला तुम्ही हवे आहात. फार हवे आहात.

नंतरचं जेवण घरीच आहे. आम्ही दहा जण आहोत. बशा अकरा आहेत.

तुमचीच उधळी,
वीबके