हुलग्याचं माडगं

शिवराज भाऊजी,

सोलापुरात आम्ही बरे आहोत, असं लिहिणार होते. पण तसं नाही. मामंजींना आता घास गिळवत नाही. रोज हुलगे भाजून दळते, गूळ घालून पातळ माडगं शिजवते. तेही नको म्हणायचे, म्हणून मी खोटं बोलले, "हुलगे भाऊजींनी मंगळवेढ्याच्या रानातनं पाठवलेत." तेव्हापासून वाटी संपायला लागली.

काल भरवताना बसल्या बसल्या माझा डोळा लागला. मामंजींनी माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि म्हणाले, "त्यानं काय बी पाठवलं न्हाय, ठावं हाय मला. तू लई राबतीस पोरी, म्हणून पितो."

मला रडूही आलं नाही, इतकी दमलेय. हे पत्र टाकणार नाही. तुमची वाट बघायचं आम्ही दोघांनीही सोडलंय.

तुमची वहिनी,
रत्नमाला