नुन म्हणजे मीठ

सांगली,
मार्गशीर्ष, १९४७

प्रिय मनमाया,

हे पत्र तू स्वतःच वाच, कुणाकडून वाचून घेऊ नकोस. तुझ्या-माझ्या भाषेची अक्षरं एकच आहेत, तेव्हा अडायचं कारण नाही.

कृष्णात लग्न करून तुला साताऱ्यात घेऊन आला, तेव्हा लढाई संपत आली होती. आसामातल्या इस्पितळात तुझ्या वडिलांची खाट त्याच्या शेजारी होती. शेवटच्या घटकेला त्यांनी तुझा हात त्याच्या हाती दिला, एवढीच हकीकत आळीला ठाऊक. तुला मराठीचं अवाक्षर कळेना. शेवटी तुझ्या सासूबाईंनी, राहीबाईंनी, भिंतीपलीकडून मला हाक मारली, की तू चार बुकं शिकलीस, हिला बोलायला शिकव. मी पडले हौशी. मराठी राहिली बाजूला आणि मीच तुझी नेपाळी शिकत बसले.

नामांपासून सुरुवात करायची, हे ठरलं चुलीपाशी. हाताला येईल ती वस्तू उचलायची आणि दोघींनी तिला आपापलं नाव सांगायचं. मीठ म्हणजे नुन, मांजर म्हणजे बिरालो, दगड म्हणजे ढुंगा. भात मात्र दोन्हीकडे भातच निघाला, तेव्हा केवढी हसलीस तू! एकाची अनेक करायची तर मागे ‘हरू’ लावलं की झालं: घर, घरहरू. मला वाटलं, ही भाषा म्हणजे डाव्या हाताचा मळ. आमच्या मराठीनं मात्र तुझी दमछाक केली. खिडकी ‘ती’, दरवाजा ‘तो’, मग दार ‘ते’ कसं, असं विचारलंस आणि माझी चार बुकं तिथंच आटली.

मग नात्यांवर आलो. थोरली बहीण दिदी, धाकटी बहिनी. त्या दिवसापासून मी तुझी दिदी झाले. आईला काय म्हणता, असं विचारलं, तर तू ‘आमा’ म्हणालीस आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायला घेतलेस. लग्न होऊन इथं आले, तरी अजून ताटात मीठ वाढताना ओठांवर आधी नुनच येतं. सासूबाई म्हणतात, ही पुटपुटते काय. फार आठवण येते गं तुझी.

परवा राहीबाई बहिणीकडे सांगलीला आल्या होत्या. तुला सातवा लागल्याचं त्यांच्याकडून कळलं. तू कळवलं नाहीस, याचा राग आहेच. ओटी भरायला आलेल्या बायका ‘माहेरी कधी जाणार’ म्हणून विचारतात आणि तू उठून परसात जातेस, हेही त्यांनीच सांगितलं. “शरू, पयलं बाळातपण म्हायेरी हुतंया. माज्या सुनंनं कुटं जावं गं?” एवढंच म्हणाल्या. मी त्याच दिवशी घरात तुझं बाळंतपण इथं करायचा विषय काढला. सासूबाई घुश्शात होत्या, कोण कुठली म्हणून. आज सकाळी मात्र आपणहून जुनं मऊ लुगडं फाडून दुपटी शिवायला बसल्या. माजघरालगतची खोली मी सारवून ठेवली आहे. राहीबाईंना आणि कृष्णातला वेगळी पत्रं घातली आहेत. आठवा लागायच्या आत नीघ. मिरजेच्या स्टेशनावर तुझे भिनाजु, म्हणजे आमचे हे, न्यायला येतील. पाहुणीसारखी संकोचत येऊ नकोस. पहिलटकरीण माहेरी येते, तशी ये.

तुझीच,
शरयू