अप्पांचे खांदेकरी

गिरगाव, २३ जानेवारी १९५६

तीर्थरूप आईस,
श्यामकांतचा नमस्कार. खुशालीचं आज लिहवत नाही, पण मी वेळेवर जेवतो आहे.

तार मिळूनही बाळंतिणीला टाकून तुला निघता आलं नाही, याचं मनाला लावून घेऊ नकोस. निघाली असतीस तरी इथे बोटीच्या धक्क्यावरच अडकली असतीस. मृणालिनी रडते का? बाळ झोपतं का?

अप्पांना पाचच माणसांनी नेलं, असं तुझ्या कानावर येईल. तसं नाही गं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांवर गोळीबार झाल्यापासून इथे जमावबंदी आहे. पाचांच्या वर एकही नको, असं नाक्यावरच्या हवालदाराने बजावलं होतं. चार खांदेकरी आणि पुढे मडकं धरलेला मी, झाले पाच. मग शेजारच्या मनमोहनने वाटेवरच्या चाळींच्या दारात एकेक माणूस उभा केला. आम्ही पोचलो की तो खांद्याला लागे आणि दमलेला आत जाई. सोनापूरच्या स्मशानापर्यंत एकोणतीस जणांनी खांदा दिला. नळावरून अप्पांशी भांडणारे आपले घरमालकसुद्धा होते.

ही नावं मला मनमोहनने नंतर सांगितली. मडकं धरणाऱ्याने मागे वळून बघायचं नसतं. मला नुसती पावलं बदललेली ऐकू येत होती.

मडकं मात्र दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. हात अजून भरून येतो, एवढंच.

मी सगळ्यांच्या पुढे होतो, म्हणून माझं तोंड मागच्या कुणालाच दिसलं नाही. ते एक बरं झालं.

तुझा,
श्याम